ग्रेलिंगला ऑसाबल नदीवर गाईड घेऊन ट्राउट फिशिंग: खर्च, अनुभव आणि त्या नदीसाठी भांडणारी माणसं

डेट्रॉईटच्या आसपासच्या मराठी मंडळींमध्ये फिशिंग करणारे तसे कमीच, त्यात फ्लाय फिशिंगवाले (पिसं-दोऱ्याने बांधलेला नकली किडा, म्हणजे फ्लाय, लावून मासे पकडणारे) तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण हल्ली बऱ्याच जणांनी मला विचारलं की उत्तर मिशिगनमधल्या ग्रेलिंगला ऑसाबल नदीवर जाऊन गाईड घ्यायचा का, एका दिवसासाठी एवढे पैसे घालवावेत असं काय आहे त्यात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. घाईत असाल तर उत्तर हो, घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कशाला कापला ते पुढे येईल. गाईडचं नाव टाकत नाहीये कारण एकट्या माणसाचा छोटा धंदा आहे आणि मला जे सांगायचंय ते तिथल्या कुठल्याही चांगल्या गाईडला लागू होतं.

ट्रिप म्हणजे दोघांसाठी पूर्ण दिवसाची फ्लोट, होडीतून प्रवाहाबरोबर वाहत जात फिशिंग. बर्टन्स लँडिंगला होडीत बसायचं, वेकली ब्रिजला उतरायचं. मधला हा साधारण नऊ मैलांचा पट्टा, तिथे सगळे त्याला होली वॉटर म्हणतात. इथे फक्त फ्लाय चालते, गांडूळ नाही, फिरत्या पत्र्याचा स्पिनर नाही, आणि बाराही महिने जो मासा लागेल तो परत पाण्यात सोडायचा, घरी एकही न्यायचा नाही. साडेचारशे-पाचशे डॉलरच्या आसपास खर्च आला, त्यात होडी, रॉड-रील, फ्लाय, दुपारचं जेवण सगळं धरलेलं, टिप वेगळी. लायसन्स आपलं आपण ऑनलाइन काढायचं, मिशिगनच्या रहिवाशांना वर्षाचं २६ डॉलर, बाहेरच्यांना ७६, एका दिवसाचं १०. नोवायहून आय-७५ धरली की तीन तासांत ग्रेलिंग. माझ्याबरोबर माझे मामा होते, चिपळूणचे, उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आलेले, अख्खं आयुष्य वाशिष्ठीवर आणि खाडीत गरवण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांना मॉल आणि म्युझियम दाखवण्यापेक्षा हे दाखवावं असं मनात होतं.

आता पहिली गोष्ट जी मला ह्या सर्व्हिसमध्ये आवडली ती बुकिंगच्या फोनवरच झाली. गाईडने तारीख वगैरे विचारायच्या आधी विचारलं, तुमचे वेडर (पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची वॉटरप्रूफ पँट) आणि बूट शेवटचे कुठल्या नदीत गेले होते. मी म्हटलं पेर मार्केट. तर म्हणाला मग ते आणू नका, माझे देतो, किंवा आणायचेच असतील तर घासून धुवून, जंतुनाशक मारून, पूर्ण सुकवून आणा, मी तपासणार. एखाद्याला वाटेल काय हा खडूसपणा, पण कारण ऐका. न्यूझीलंड मड स्नेल म्हणून एक चार-पाच मिलिमीटरची गोगलगाय आहे, ती २०१५ मध्ये पेर मार्केटमध्ये सापडली आणि २०१६ मध्ये ऑसाबलमध्ये. बुटाच्या तळाला, लेसच्या भोकात, चिखलात चिकटून येते, दमट जागा मिळाली तर पाण्याबाहेर कित्येक दिवस जगते, आणि हिला पिल्लं द्यायला नर लागत नाही, एक मादी पुरते. ट्राउटने खाल्ली तरी कित्येकदा पचत नाही, जिवंत बाहेर पडते, म्हणजे माशाचं पोट भरलेलं आणि अंगाला काही लागलेलं नाही. नदीत हिची संख्या वाढली की ट्राउट ज्या अळ्यांवर जगतात त्यांचं खाणं आणि जागा ही खाऊन टाकते. एकदा शिरली की नदीतून काढायचा उपाय नाही, फक्त दुसऱ्या नदीत जाऊ द्यायची नाही एवढंच हातात आहे. म्हणून काही लँडिंगवर आता बूट धुवायच्या जागा केल्यात, ब्रश, स्प्रे, पाटी. आमच्या गाईडच्या ट्रकमध्ये त्याचा स्वतःचा पंप आणि ब्रश होता, सकाळी आमचे बूट त्याने उलटे करून पाहिले आणि संध्याकाळी परत धुतले. जो गाईड हा प्रश्न विचारत नाही त्याच्याकडे मी परत जाणार नाही, त्याला कितीही मासे कळत असोत.

दुसरी गोष्ट थर्मामीटर. होडी पाण्यात घातल्यावर त्याने पहिल्यांदा पाण्याचं तापमान घेतलं, मग दुपारी दोनदा घेतलं. ट्राउटला थंड पाणी लागतं, ६८ फॅरनहाइट म्हणजे २० सेल्सिअसच्या वर पाणी गेलं की त्यांना ऑक्सिजन कमी पडायला लागतो, आणि अशा वेळी गळाला लागून झगडलेला मासा तुम्ही कितीही प्रेमाने सोडला तरी पुढे जाऊन मरायची शक्यता खूप. त्याने बुकिंगलाच सांगितलेलं की पाणी तापलं तर मी ट्रिप थांबवणार आणि उरलेल्या वेळाचे पैसे परत देणार. आम्ही जूनमध्ये होतो, पाणी मस्त गार होतं, वेळ आली नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये अशी वेळ येते आणि धंद्याचे ऐन दिवस असताना पैसे परत द्यायची तयारी ठेवणारा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. ऑसाबल मुळात गार राहते ते तिथल्या जमिनीमुळे, सगळी हिमयुगातली वाळू आणि खडी, पाऊस पडला की सरळ जमिनीत मुरतो आणि झऱ्यांतून हळूहळू नदीत येतो, म्हणून पूर कमी, उन्हाळ्यात पातळी फार खाली जात नाही. आणि हेच तिचं दुखणंही आहे, कारण त्याच वाळूतून जे काही घाण तुम्ही जमिनीत सोडाल तेही तसंच मुरून नदीत येतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी भांडणं त्यातूनच आलीत.

होडीबद्दल लिहायलाच हवं. ही ऑसाबलची खास लांबडी अरुंद लाकडी होडी असते, लाकूडतोडीच्या काळापासून आलेली, पुढे एकजण बसतो, मध्ये एकजण, मागे गाईड हातात लांब बांबूसारखी काठी घेऊन, मोटर नाही, वल्ही नाहीत. वेग कमी करायला मागे साखळी सोडतात तळाशी घासत. मामांना मासे लागायच्या आधी ह्या होडीनेच जिंकलं. त्यांनी त्या माणसाकडून काठी कशी रोवायची ते समजून घेतलं, मी मध्ये दुभाषी, आणि दोघांचं असं जमलं की माझी गरजच उरली नाही, खुणांवर चाललं सगळं.

मासे म्हणाल तर भरपूर लागले पण मोठे नाहीत हे आधीच सांगते, कोणी वीस-बावीस इंची ब्राऊन ट्राउटचे फोटो बघून जाणार असेल तर दिवसा होली वॉटरवर ती अपेक्षा ठेवू नका. आठ-दहा इंची ब्रूक ट्राउट, पाठीवर नक्षी, पोटाला केशरी, आणि थोडे मोठे ब्राऊन. पण सगळे नदीत जन्मलेले. हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून, आणून सोडलेला मासा आणि नदीतला मासा ह्यात फरक आहे आणि तो हाताला कळतो, पंख अख्खे असतात, रंग ताजे असतात, दोरीवर जोर असतो.

हे मासे नदीतलेच का आहेत ह्याच्या मागे मोठी गोष्ट आहे आणि गाईडने ती दिवसभर तुकड्यातुकड्याने सांगितली, मग मी घरी येऊन वाचलं. ग्रेलिंग हे गावाचं नाव एका माशावरून पडलंय, पाठीवर मोठा शिडासारखा पंख असलेला मासा, ही नदी एकेकाळी त्याने भरलेली होती. रेल्वे आली, लोक डेट्रॉईट-शिकागोहून पकडायला आले, बोगीच्या बोगी भरून मासे बाहेर गेले. त्याच वेळी पाईनची जंगलं तुटत होती, ओंडके नदीतून ढकलत न्यायचे, त्याने तळाची खडी खरवडून निघाली जिथे हा मासा अंडी घालायचा, काठाची सावली गेली, वाळू आत आली. वर दुसरे ट्राउट आणून सोडले ते ह्याच्या जागेवर बसले. १९३० च्या दशकापर्यंत अख्ख्या मिशिगनमधून ग्रेलिंग संपला. आता सरकार आणि तिथल्या मूळनिवासी जमाती मिळून अलास्कातून आणलेल्या अंड्यांपासून वाढवून तो परत आणायचा प्रयत्न करतायत. मला ह्यात सगळ्यात जास्त लागलं ते हे की गावाच्या पाटीवर मासा आहे, नावात मासा आहे, आणि नदीत तो नाही, आणि ज्यांनी संपवला ते कोणी राक्षस नव्हते, मासे आवडणारीच माणसं होती.

कदाचित म्हणूनच पुढच्या पिढीतल्या गळवाल्यांनी इथेच वेगळा रस्ता धरला. जुलै १९५९ मध्ये ह्याच नदीच्या काठी जॉर्ज ग्रिफिथ ह्यांच्या घरी सोळा जण जमले आणि ट्राउट अनलिमिटेड सुरू झाली. बदकांसाठी डक्स अनलिमिटेड होती, त्या धर्तीवर. त्यांचं पहिलं भांडण कुठल्या कारखान्याशी नव्हतं, स्वतःच्याच सोयीशी होतं. सरकार हॅचरीत मासे वाढवून नदीत सोडायचं, लोक आठवड्यात ते पकडून न्यायचे, परत सोडायचे, परत न्यायचे. ह्यांनी म्हटलं ते बंद करा, नदी सुधारा, पाणी गार आणि स्वच्छ ठेवा, मासे आपोआप होतील. म्हणजे स्वतःला मिळणारे फुकटचे मासे नको म्हणायला एक प्रकारची हिंमत लागते. मिशिगन सरकारने पुढे ते ऐकलं आणि जंगली ट्राउटकडे धोरण वळवलं. आज त्या संस्थेचे देशभर तीन लाखांच्या आसपास सभासद आणि पाठीराखे आहेत. तुमच्या फ्लाय बॉक्समध्ये ग्रिफिथ्स नॅट नावाची बारकी फ्लाय असेल तर ती ह्याच ग्रिफिथच्या नावाची.

मामांचा प्रश्न अर्थातच तो होता जो आपल्याकडच्या कोणालाही पडेल. पहिला बरा ब्राऊन त्यांना लागला, जाळीत आला, गाईडने पाण्यातल्या पाण्यातच गळ सोडवला आणि जाळी खाली केली. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "अगो, सोडला कशाला? दोन माणसांचं कालवण झालं असतं." मी नियम सांगितला. ते म्हणाले, नियम कळला, पण खायचा नाही तर त्याला त्रास तरी कशाला द्यायचा. प्रश्न खरा आहे आणि मी तो भाषांतर करून गाईडला विचारला. तो चिडला वगैरे नाही. म्हणाला मी पण खातो, ब्रूक ट्राउट लोण्यात तळून, पण जिथे चालतं तिथून. ह्या पट्ट्यात वर्षभरात इतकी माणसं येतात की प्रत्येकाने दोन नेले तर काही राहणार नाही. आणि जी माणसं इथे येतात तीच कोर्टात पैसे भरतात, तीच मीटिंगला येतात, मासे पकडायला मिळाले नाहीत तर ती येणार नाहीत, मग ह्या नदीसाठी उभं कोण राहणार. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आमच्याकडे चढणीचे मासे पोटात गाबोळी असताना मारले आम्ही, पहिल्या पावसात, मजा म्हणून, आता चढायला मासाच उरला नाही. आणि लोट्याच्या एमआयडीसीचं पाणी खाडीत आल्यावर मासे मरून वर यायचे तेव्हा ओरडले कोण तर दाभोळ खाडीतले भोई, ज्यांचं पोट त्यावर. हौशी गरवणारे आम्ही बाकीचे दुसरीकडे जाऊन गरवायला लागलो. एवढं बोलून परत काठीला लागले.

ते ऐकल्यापासून हा रिव्ह्यू नुसता जेवण कसं होतं आणि मासे किती ह्यावर लिहायचा नाही हे माझं ठरलं, कारण ह्या ट्रिपमध्ये तुम्ही जे विकत घेता ती नदी कोणीतरी राखलेली आहे, आणि कशी राखली हे माहीत नसेल तर ते साडेचारशे डॉलर महागच वाटतील.

तर ते कसं. १९८७ मध्ये अँगलर्स ऑफ द ऑसाबल नावाची संस्था निघाली. रस्टी गेट्स म्हणून तिथले लॉजवाले आणि फ्लाय बांधणारे, २००९ मध्ये गेले, ते तिचा कणा होते. सुरुवात झाली ती ह्याच होली वॉटरवर मासे परत सोडायचा नियम आणण्यासाठी, त्या वेळी गावात त्याला कडाडून विरोध झाला, लोकांना वाटलं आमचा मासा हिरावताय. नियम टिकला. मग एकामागून एक प्रकरणं येत गेली.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते ग्रेलिंगच्या जुन्या हॅचरीचं प्रकरण, आणि गंमत म्हणजे त्यात शत्रू मासाच होता. गावातच नदीच्या ईस्ट ब्रँचवर १९१४ ची हॅचरी आहे, ग्रेलिंग मासा वाचवायला म्हणून बांधलेली. ती बंद पडून नंतर टुरिस्टांपुरती राहिली होती. २०१२ मध्ये एका कंपनीने भाड्याने घेतली आणि तिथे खाण्यासाठी रेनबो ट्राउट वाढवायचं ठरवलं, परवानगी मिळाली ती वर्षाला तीन लाख पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १ लाख ३६ हजार किलो. ऐकायला किती छान, गावात रोजगार, ताजे मासे. पण व्यवस्था अशी की नदीचं पाणी एका बाजूने आत घ्यायचं, माशांच्या टाक्यांमधून फिरवायचं आणि दुसऱ्या बाजूने नदीत सोडायचं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य म्हणजे फॉस्फरस, फॉस्फरस म्हणजे शेवाळ, शेवाळ रात्री ऑक्सिजन ओढतं, आणि हे सगळं खाली होली वॉटरच्या तोंडाशी. वर दाटीत वाढवलेल्या माशांतून रोगाची भीती, व्हर्लिंग डिसीजने (माशांना गोल गोल फिरायला लावून मारणारा रोग) नव्वदच्या दशकात पश्चिमेकडच्या राज्यांत जंगली रेनबोचं काय केलं ते सगळ्यांना आठवत होतं. अँगलर्स कोर्टात गेले, वर्षानुवर्षं चाललं, तज्ज्ञ, वकील, सगळा पैसा सभासदांच्या वर्गणीतून. शेवटी २०१८ मध्ये तडजोड झाली, अँगलर्सनी तो भाडेपट्टा स्वतःच घेतला आणि मासे वाढवायचा धंदा तिथून बंद झाला. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेलो, लहान मुलं कुंडातल्या माशांना मूठमूठ खाद्य टाकत होती. पोरं असतील तर नक्की न्या, फिशिंगपेक्षा त्यांना हेच आवडेल.

बाकीची प्रकरणं पटकन सांगते. नदीच्या उगमाकडे कोल्के क्रीक नावाचा बारका ओहोळ आहे. एका गॅस प्रोसेसिंगच्या जागेखाली दूषित झालेलं भूजल उपसून, शुद्ध करून, दिवसाला साडेअकरा लाख गॅलनपर्यंत त्या ओहोळात सोडायचा बेत होता. शुद्ध केलं तरी एवढं पाणी त्या ओहोळाला झेपणार होतं का. अँगलर्स लढले, बेत मागे पडला, आणि मिशिगन सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१० मध्ये त्यांच्या बाजूने जोरदार निकाल दिला, पण पुढच्याच वर्षी कोर्टातले न्यायाधीश बदलले आणि तोच निकाल रद्द केला. नदी वाचली, कायदा नाही वाचला. साउथ ब्रँचवरचा मेसन ट्रॅक्ट हा दुसरा. जॉर्ज मेसन, नॅश-केल्व्हिनेटरचे प्रमुख, म्हणजे आपल्या ऑटोवाल्यांपैकीच, त्यांनी १९५४ मध्ये मरताना नदीकाठची दीड हजार एकर जमीन राज्याला देऊन टाकली. तिच्या कडेला गॅस विहीर खोदायची फॉरेस्ट सर्व्हिसने परवानगी दिली होती, २००८ मध्ये फेडरल कोर्टाने ती अडवली, दावा अँगलर्स आणि त्यांच्या साथीदारांचा. आणि अगदी अलीकडचं म्हणजे कॅम्प ग्रेलिंग, नॅशनल गार्डचा प्रचंड मोठा तळ, तिथल्या आग विझवायच्या फेसातून पीफास नावाची रसायनं भूजलात उतरलेली २०१७ पासून सापडतायत. २०२२ मध्ये ह्याच तळाला अजून १ लाख ६२ हजार एकर सरकारी जंगल वापरायला हवं होतं. गावकरी, अँगलर्स, शिकारी, सगळे एकत्र उभे राहिले, एप्रिल २०२३ मध्ये राज्याने मागणी नाकारली, पण ५२ हजार एकरांपर्यंत मर्यादित परवानग्यांचा रस्ता उघडा ठेवला, म्हणजे लक्ष ठेवायचं काम संपलेलं नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते कारण सगळे गोडच बोलतात असं नाही. गावातल्या एका डायनरमध्ये आम्ही नाश्त्याला बसलो होतो तिथे शेजारच्या टेबलवरच्या एका काकांशी गप्पा झाल्या, त्यांचं म्हणणं, ही डाऊनस्टेटची (दक्षिण मिशिगनची) पैसेवाली कॅबिनवाली मंडळी, सहा महिने येतात, आम्हाला गांडूळ लावून चार मासे घरी न्यायला बंदी आणि धंदा आला की वकील लावतात, गावात नोकऱ्या कुठून येणार. मला हे खोडून काढावंसं वाटलं नाही. फ्लाय फिशिंगचा खर्च आहे, त्याला वेळ लागतो, आणि नियम कोण बनवतो ह्यात पैशाचा वाटा असतोच. पण हॅचरीच्या बाबतीत मी अँगलर्सच्याच बाजूची आहे, कारण त्या गावातले लॉज, गाईड, कॅनू भाड्याने देणारे, तो डायनरसुद्धा, सगळे त्या पाण्यावर जगतात आणि ते पाणी बिघडलं की पहिले तेच जाणार. फक्त पुढच्या वेळी असे काका मीटिंगच्या खोलीत असावेत, बाहेर नाही, एवढं मला वाटतं.

आता तो कापलेला अर्धा स्टार. एक, जेवण. आधी सांगूनही सँडविच टर्कीचंच निघालं, मामा खातात पण मी त्या दिवशी खात नव्हते, चिप्स आणि सफरचंदावर दिवस काढला. शाकाहारी असाल तर डबा घरून न्या, थेपले, पुरणपोळी, काहीही, होडीत थंड पेटी असते. दोन, बायकांसाठी सोय. नऊ मैलांत लँडिंगवर मोजकी टॉयलेट आहेत आणि गाईडने ती कुठे कुठे लागतात हे आपणहून सांगायला हवं होतं, विचारावं लागलं. बायकांनी हे बुकिंगलाच विचारून घ्या, लाजू नका. तीन, आम्ही शनिवारी गेलो आणि दुपारी कॅनू आणि ट्यूबवाल्यांची रांग लागली, स्पीकर, आरडाओरडा, रिकामे कॅन. गाईडने वाटेत दिसेल तो कॅन काठीने ओढून होडीत टाकला, न बोलता, दिवसाअखेर पिशवी भरलेली. पण शनिवार टाळा असं त्याने फोनवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नवशिक्यांना शिकवायची त्याची पद्धत चांगली. मामांना गरीची सवय, हाताला झटका द्यायची, फ्लाय लाईन तशी उडत नाही. त्याने मागे थांबायला शिकवलं, एवढंच, मागे दोरी सरळ होईपर्यंत थांब, मग पुढे. मासा हाताळायचे नियम सुरुवातीलाच सांगितले, गळाचा काटा चिमट्याने दाबून टाकलेला, हात आधी ओले करायचे कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर जातो, फोटो हवा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवायचा, मासा बाहेर तेवढाच वेळ जेवढा तुम्ही श्वास रोखू शकता. माझ्या एका माशाला फोटो नीट आला नाही म्हणून मी परत उचलायला गेले तर त्याने सरळ नाही म्हटलं. मला त्याचा राग आला नाही, उलट पैसे योग्य माणसाला देतोय असं वाटलं.

ट्रिपनंतर मी ट्राउट अनलिमिटेडची आणि अँगलर्स ऑफ द ऑसाबलची, दोन्हीची मेंबरशिप घेतली, त्याबद्दलही लोक विचारतात. वस्तू म्हणून हातात काय पडतं असं बघाल तर फार नाही, मासिक, न्यूजलेटर, स्टिकर. ग्रेलिंगच्या भागात ट्राउट अनलिमिटेडचा जो चॅप्टर आहे त्याचं नाव मेसन-ग्रिफिथ, वर आलेल्या त्याच दोन जॉर्जांवरून. फक्त एकीलाच पैसे द्यायचे असतील आणि तुम्ही ऑसाबलवर जाणार असाल तर अँगलर्सना द्या, ते ह्या एका नदीपुरते आहेत आणि त्यांचा पैसा थेट इथेच पाण्याच्या चाचण्या, वकील, काठ दुरुस्ती ह्यावर जातो. देशभरातल्या कामाला हातभार लावायचा असेल तर ट्राउट अनलिमिटेड, त्यांचे चॅप्टर जवळपास सगळीकडे आहेत, डेट्रॉईटच्या बाजूलाही आहेत, आणि त्यांच्या कामाच्या दिवसाला गेलात तर वाळू साचलेल्या ओढ्यात लाकडं रोवायची, झाडं लावायची, रस्त्याखालचे चुकीचे पाईप मोजायचे अशी खरी अंगमेहनत असते. पैसे नसतील तर सप्टेंबरमध्ये अँगलर्सची नदी सफाई असते, त्याला जा, वेडर हवेत आणि पाठ धड हवी. मी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन गेले होते, टायर, बाटल्या, एक अख्खी खुर्ची निघाली, मुलगा त्या खुर्चीचं अजून सगळ्यांना सांगतो.

कधी जायचं तर माझ्या मते मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, मधल्या वारी. मेच्या मध्याला हेंड्रिक्सन माश्यांचा हॅच (अळ्यांच्या माश्या होऊन एकदम पाण्याबाहेर येण्याचा काळ) संपत आलेला असतो, जूनमध्ये ब्राऊन ड्रेक माश्यांचा. जूनच्या शेवटी हेक्स येते, दीड इंची मोठी माशी, रात्री दहा-अकरानंतर अंधारात, तेव्हाच मोठे ब्राऊन बाहेर येतात आणि त्या दोन आठवड्यांसाठी लोक देशभरातून येतात. त्या काळात गाईड हवा असेल तर जानेवारीतच फोन करा, नंतर मिळत नाही. डास भयंकर, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि स्प्रे मारलेल्या हाताने फ्लाय किंवा मासा धरू नका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ग्रेलिंग ते ओस्कोडा १२० मैलांची रात्रभर चालणारी कॅनू मॅरेथॉन असते, तेव्हा गावात खोली मिळणं अवघड. आणि बुकिंग करताना गाईडला हे तीन प्रश्न विचारा: बूट कसे धुता, पाणी तापलं तर काय करता, आणि नदीसाठी कुठल्या संस्थेत आहात. तिन्हींची उत्तरं लगेच आली तर डिपॉझिट भरा.